किलोवर घेतलेली गाडी

माझ्या शेडमध्ये एक गाडी उभी आहे. अमेरिकेची, दोन दारांची, लांब नाकाची, आठ सिलिंडरची. स्टिअरिंग डावीकडे. वयानं माझ्यापेक्षा चार-पाच वर्षांनी मोठी असेल. होटगी रस्त्यानं जाणाऱ्या लोकांना शटर उघडं दिसलं की ते थांबतात, आत येतात, फोटो काढतात आणि हमखास विचारतात, "चालू आहे का?" चालू आहे. पहिल्या सेल्फला उठते. पण तिला रस्त्यावर यायची परवानगी नाही, आणि त्याला अक्कलकोटचा एक म्हातारा कारण आहे. त्यात माझाही वाटा आहे, असं माझी बायको म्हणते. म्हणू दे.

मी ट्रकच्या बॉडीचा पत्रा ठोकत मोठा झालो. शाळा सुटली ती सुटलीच. माझं गॅरेज, माझी शेड, आतली लिफ्ट, यातलं काहीही मला कुणी सांगितलेल्या किमतीला मिळालेलं नाही. घासाघीस कशी करायची ते मला कुणी शिकवलं नाही, पोटानं शिकवलं. माझी रीत एकच. वस्तूला नावं ठेवायची. एकेक दोष मोजून दाखवायचा, तोही चार माणसांसमोर. विकणाऱ्यालाच आपल्या मालाची लाज वाटायला लागली पाहिजे. मग भाव आपोआप खाली येतो. जुने टेम्पो, लेथ मशीन, जागासुद्धा मी अशीच घेतली.

या गाडीची खबर मला एका ट्रक ड्रायव्हरनं दिली. अक्कलकोटला एक बंद पडलेली तेलाची घाणी आहे, तिच्या मागच्या पत्र्याखाली पेंडीच्या पोत्यांमागं लाल रंगाची काहीतरी 'विमानासारखी' गाडी आहे, म्हणाला. दुसऱ्याच दिवशी गेलो. घाणीचा मालक सत्तरीचा, कपाळाला विभूती, मराठी बोलता बोलता कन्नडमध्ये शिरणारा. सगळे त्याला अप्पा म्हणत. मीही अप्पाच म्हणालो.

पोती बाजूला केली आणि त्याच क्षणी मनात ठरलं, ही माझी. हे मी आज लिहितोय. तेव्हा चेहऱ्यावर काही दिसू दिलं नाही. अप्पाच्या वडिलांनी मुंबईच्या कुणा शौकिनाकडून ती घेतली होती. पेट्रोल परवडेना म्हणून पुढे मूळ इंजिन काढून टेम्पोचं डिझेल इंजिन बसवलं. ते बसावं म्हणून पुढची फ्रेम कापली. मूळ इंजिन मात्र फेकलं नव्हतं. कोपऱ्यात गोणपाटाखाली तसंच पडलं होतं. त्या गोणपाटाकडे मी मुद्दाम पाठ केली.

बाहेर ओट्यावर अप्पाचे चार-पाच शेजारी चहाला बसले होते. मला तेच हवं होतं.

"अप्पा, खालचा पत्रा सगळा गेलाय. पाय आत घातला तर जमिनीला लागतोय."

"जुनी हाय की. गंजणारच."

"फ्रेम कापलीय. दारं बसत न्हाईत. काच न्हाय. ही गाडी न्हाय अप्पा, पत्र्याचा डबा हाय."

अप्पा शांतपणे म्हणाला, "अरे मिस्त्री, माझी बायको गुलबर्ग्याहून याच गाडीतनं आली. लग्न करून. मागची सीट एवढीशी. पाय पोटाशी घेऊन बसली होती बिचारी."

मी म्हणालो, "मग वैनींचे गुडघे तवापासनंच दुखत असतील की!"

ओटा हसला. अप्पा हसला नाही. कपातला उरलेला चहा त्यानं हळूच खाली ओतला. मला वाटलं, लागला बाण, आता भाव पडणार.

पडलाही. मी म्हणालो, भंगाराच्या दरानं घेतो, किलोवर. तो एवढंच म्हणाला, "आय्तु." म्हणजे झालं, ठरलं. दोन ट्रॅक्टर लावून गाडी, इंजिन आणि सुटे भाग वजनकाट्यावर नेले. पावतीवर त्यानं स्वतःच्या अक्षरात लिहिलं: जुने लोखंड.

आरसी बुक मी मागितलं नाही. विसरलो नव्हतो. तिथंच मनात घोळवून ठरवलं होतं. बुक मागितलं असतं तर ती गाडी ठरली असती. डब्याला कोण बुक मागतं? आधी वजनानं उचलायची, मग महिना-दोन महिन्यांनी पेढ्यांचा बॉक्स घेऊन जायचं आणि सहज विचारायचं, असा हिशेब होता. पुढे वाटलं, एवढ्यात गेलो तर म्हाताऱ्याला कळेल की कागदाची मला गरज आहे. गरज दिसली की किंमत वाढते. थांबलो. चार वर्षं थांबलो.

त्या चार वर्षांत मी गिऱ्हाइकांची कामं सांभाळून ती गाडी बांधली. खालचा पत्रा नवा ठोकला, तोही हातानं, कारण त्या वळणाचा साचा कुठंच नाही. कापलेली फ्रेम जोडली. गोणपाटातलं इंजिन जाम झालं होतं. आठही सिलिंडरमध्ये तेल ओतून ठेवलं, रोज सकाळी जाऊन पाना लावायचो, एकविसाव्या दिवशी ते केसभर हललं. मी देवाला नारळ फोडला. बोल्ट सगळे इंचाचे, माझे पाने मिलिमीटरचे. बंद पडलेल्या कापड मिलमधला एक तेलुगू बोलणारा फिटर सापडला, त्याच्याकडे इंचाची जुनी हत्यारं होती. तो यायचा, शिव्या घालत काम करायचा. आमचं चांगलं जमलं. ब्रेकची रबरं जुळे सोलापुरातल्या एका बँकेतल्या साहेबांच्या मुलीनं अमेरिकेहून कपड्यांत गुंडाळून आणली. बदल्यात साहेबांच्या स्कूटरचं सर्व्हिसिंग मी जन्मभर फुकट करणार आहे.

सगळं मूळचं ठेवण्याचा सोस मी केला नाही. मे महिन्यात आमच्याकडे डांबर बुटाला चिकटतं, तिथं अमेरिकेचा रेडिएटर काय टिकणार? तांब्याचा, जास्त जाड बांधून घेतला, पुढं दोन इलेक्ट्रिक पंखे बसवले. पुढच्या चाकांना डिस्क ब्रेक लावले. रंग मात्र तोच, लाल. दाराच्या आतल्या बाजूला त्या रंगाचा नखाएवढा तुकडा शिल्लक होता, तो जुळवायला मी सहा वेळा रंग करून घेतला.

गाडी तयार झाली तेव्हा मी पेढे घेऊन अक्कलकोटला गेलो.

अप्पा म्हणाला, "बुक? ते तर तवाच जमा केलं की आरटीओत. गाडी तोडून भंगारात विकली म्हणून लिहून दिलं. तुझीच पावती जोडली."

"पण मला विचारायचं तरी!"

"काय विचारायचं? डबा म्हणाला होतास."

पेढे त्यानं घेतले. उघडून मलाच एक दिला.

मी एजंटाकडे गेलो. त्यानं फाइल काढून आणली आणि मान हलवली. नोंदणी रद्द, गाडी तोडलेली, म्हणजे कागदावर ती अस्तित्वातच नाही. माझ्या शेडमध्ये दीड टन उभं आहे ते काय आहे मग? एजंट म्हणाला, एकच वाट आहे. मूळ मालकानं स्वतः येऊन लिहून द्यावं की गाडी तोडली नव्हती, आपल्याकडून चूक झाली. मग तपासणी मागता येईल. होईलच असं नाही, पण वाट आहे.

पुन्हा अक्कलकोट. या वेळी बायको बरोबर होती, तिला मठात दर्शन घ्यायचं होतं. दर्शन झाल्यावर ती घाणीबाहेर आमच्या गाडीत बसून राहिली. ओटा होता, चहा होता, शेजारीही तेच होते, एक कमी.

अप्पानं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "देतो लिहून. माझी चूक झाली म्हणून लिहितो, मला काय लाज? पण तू पण एक कर. या लोकांसमोर डबा म्हणालास. याच लोकांसमोर म्हण, गाडी चांगली होती. एवढंच."

मला पैसे मागितले असते तर बरं झालं असतं. पैशावर मी बोलू शकतो. हे काय मागणं? तरी मी गिळलं. चार वर्षं डोळ्यांपुढं आली. उभा राहिलो आणि म्हणालो, "गाडी चांगली होती."

शेजाऱ्यांपैकी एकानं मान डोलावली. अप्पानं खिशातलं पेन काढलं.

आणि मी पुढे बोललो. "आता खालचा पत्रा तेवढा गेला होता, ते तुम्हालाबी म्हाईत हाय. आन फ्रेम तुमच्याच वडलांनी कापली, ती मी जोडली म्हणून..."

अप्पानं पेनाला टोपण लावलं.

"बघा," तो शेजाऱ्यांना म्हणाला, "अजून भाव पाडतोय!"

ओटा हसला. या वेळी माझ्यावर. माझं डोकं फिरलं. काय काय बोललो ते इथं लिहिण्यासारखं नाही. त्याच्या वडिलांबद्दल बोललो, त्यांना गाडी ठेवायची अक्कल नव्हती म्हणालो. पोत्यांमागं सडवली, माझ्यासारख्यानं वाचवली म्हणालो. त्यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं. अप्पा उठून आत गेला. त्याच्या मुलानं मला फाटकापर्यंत सोडलं आणि फाटक लावून घेतलं.

गाडीत बसलो तर बायको म्हणाली, "बाहेर ऐकू येत होतं सगळं."

"म्हातारा आडमुठा हाय."

"'चांगली होती' एवढंच म्हणायचं होतं ना तुम्ही?"

"म्हणालो की!"

"म्हणालात. तिथंच गप बसायचं होतं."

मी सोलापूरपर्यंत गाडी दामटली.

त्यानंतर मी तीन वेळा निरोप पाठवला. उत्तर नाही. हायवेवरच्या एका हॉटेलवाल्याला ती दारात शोभेला ठेवायची आहे. इंजिन काढून घ्या म्हणतो, नुसती बॉडी चालेल. त्याला मी शेडबाहेर काढला. लोक सल्ला देतात, पहाटे काढा, नंबर नसला तरी कोण बघतंय, विजापूर रोडला एक चक्कर मारून या. मी का म्हणून लपून काढू? चोरून आणली नाही मी. वजन करून, पावती घेऊन आणली आहे.

चूक माझी की त्याची, याचा निकाल मी माझ्यापुरता लावलेला आहे. चार माणसांत केलेली एक चेष्टा त्यानं चार वर्षं धरून ठेवली. धंद्यात असं कुणी धरत नाही. सौदा झाला की बोलणं संपतं. निदान माझ्याकडे संपतं.

दर रविवारी सकाळी मी ती चालू करतो. इंजिन गरम होऊ देतो, मग शेडपासून कंपाउंडच्या भिंतीपर्यंत पुढे नेतो आणि रिव्हर्समध्ये परत आणतो. सत्तर पावलं अंतर आहे. त्यात पहिला गिअर पुरतो. तिचा गिअरबॉक्स मी स्वतः उघडून, एकेक दाता तपासून बांधला आहे. तिसऱ्या गिअरमध्ये तिचा आवाज कसा येतो, ते मला माहीत नाही.