आईच्या धवल्याची फाइल

कॉम्प्युटर भंगारात काढा म्हणे! पनवेलच्या दुकानातल्या माणसाने बोटही न लावता निकाल दिला. तुमच्या विंडोजची मुदत संपली, नवीन यावर चालणार नाही, दुसरा घ्या. माझं डोकंच फिरलं. चांगलं चालतं यंत्र, त्याला काय धाड भरलीय? हे नुकतेच निवृत्त झालेले, हात शिवशिवतच होते. दोन दिवस खपून ह्यांनी विंडोज पुसून त्याच्या जागी लिनक्स टाकलं. फुकट, आणि वर पळायलाही लागलं.

मग मी आईची फाइल उघडली.

माझी आई जासईची, धवलारीण. लग्नात धवले गायला तिला गावोगावी बोलावणं असायचं. ती गेली त्याच्या आदल्या वर्षी तिच्या तोंडचा एक मोठा धवला मी टाइप करून ठेवला होता. आता भाचीची हळद चार दिवसांवर आलेली आणि तिचा एकच हट्ट, आजीचाच धवला पाहिजे. आणि पडद्यावर काय? इंग्रजी अक्षरं, कंस, टिंबं. नुसता चिवडा!

"काय करून ठेवलंत हे?" मी ओरडलेच.

"अगं, फाइल शाबूत आहे. तुझा तो जुना मराठी फॉन्ट विंडोजबरोबर पुसला गेला. शोधतो कुठेतरी."

"पुसायच्या आधी विचारायला तोंड नव्हतं? माझी आई होती त्यात!"

हे बाहेर गेले. मी दुकानदाराला, लिनक्सला आणि ह्यांना, सगळ्यांना लाखोली वाहिली.

रागारागाने पडद्याकडे बघत होते आणि बोटं आपोआप कीबोर्डवर गेली. तीस वर्षं वकिलाकडे मराठी टायपिंग केलंय मी. त्या फॉन्टमध्ये मराठी अक्षरासाठी जी कळ दाबायची, तिच्यावरचं इंग्रजी अक्षर आता समोर दिसत होतं, एवढंच! डोळ्यांना कळत नव्हतं, बोटांना कळत होतं. एकेक कळ चाचपत मी मोठ्याने म्हणू लागले. मांडव आला, उंबराची फांदी आली, पाच सवाष्णी आल्या. आईचा सूरसुद्धा आला. मी रडत होते आणि म्हणत होते.

सवाष्णींनी हळद लावायला हात उचलला आणि ओळ तिथेच तुटली. खाली दोनच शब्द होते. चाचपले.

उरलेलं रविवारी.

मीच टाइप केलेलं, त्या दिवशी अर्ध्यावर थांबताना. दुसऱ्या दिवशी वकिलाचे कागद द्यायचे होते मला. आई म्हणाली होती, "आजच पुरं लिवून घे बाय, उद्याचा काय भरोसा नाय." आणि मी खेकसले होते, "आई, आता डोकं नको खाऊस." त्यानंतर आई वर्षभर होती. किती रविवार आले नि गेले, मला मेलीला एकदाही आठवण झाली नाही!

ह्यांनी दारातून हळूच विचारलं, "लागलं का वाचता?"

"लागलं," मी म्हटलं. "फॉन्ट नका शोधू आता."