चिंचेने घासलेलं नाणं

बाबा पुण्यात वारले, तेव्हा मी इंग्लंडमधल्या रीडिंगहून पोचेपर्यंत सगळं उरकलं होतं. परत आलो आणि महिन्याभरात मी ते नाणं घेतलं. रोमन अमलाखालच्या एका ग्रीक गावाने पाडलेलं, ब्राँझचं. पुढे बादशहाचं डोकं, मागे गावाची स्वतःची पुराणकथा: ट्रॉय जळतंय आणि मुलगा म्हाताऱ्या बापाला खांद्यावर घेऊन निघालाय. ऑफिसातून आलो की मी ते रोज हातात घेऊन बसायचो. कशासाठी, ते कुणाला सांगितलं नाही. बायको म्हणायची, एकेकाला एकेक खूळ.

पुढच्या वर्षी आई सहा महिन्यांसाठी आली. तिला नाणं दाखवलं. "अगोबाई, हा तर आपला श्रावणबाळ!" म्हणाली. मग चष्मा पुसून पुन्हा पाहिलं आणि म्हाताऱ्यावरून अंगठा फिरवला.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी घरी आलो, तर ताम्हन, निरांजन, पळी-पंचपात्र सगळं लख्ख होऊन किचनमध्ये टॉवेलवर सुकत होतं. त्यांच्या शेजारी नाणं. वेम्बलीच्या देशी दुकानातून आणलेली चिंच आणि मीठ लावून खसाखसा घासलेलं, नव्या पेनीसारखं गुलाबी. हिरव्या थराबरोबर चित्रही गेलं होतं. मुलाचे पाय तेवढे उरले होते, खांद्यावर काही नव्हतं.

माझं टाळकंच सटकलं. "तुला कुणी सांगितलं होतं गं हात लावायला? अठराशे वर्षं टिकलेलं एका दुपारीत घालवलंस!" तिथे थांबलो असतो तरी चाललं असतं. पण जिभेला हाड नाही. म्हणालो, "बाबांच्या वेळीही तसंच. वेळेवर कळवलं असतंस, तर तोंड तरी बघितलं असतं मी त्यांचं!"

आई टॉवेलची घडी घालत राहिली. मग म्हणाली, "कळकटलं होतं रे फार. त्या म्हाताऱ्याचा चेहरा दिसेना. म्हटलं, तुला जरा नीट दिसेल."

मला तेव्हाच तिच्या पाया पडायला हवं होतं. नाही पडलो. मी दार आपटून वर गेलो, आणि पुढचे तीन आठवडे आम्ही चहा-जेवणापुरतंच बोललो. मग तिकीट अलीकडचं करून ती परत गेली.

आता दर रविवारी फोन करतो. सॉरी म्हणून झालंय, एकदा नाही, दहादा. "वेडा का तू, मी कधीच विसरले," म्हणते. परवा म्हटलं, आई, या उन्हाळ्यात ये ना.

"नको रे बाळा," ती म्हणाली. "तुझ्या वस्तूंना माझा हात लागतो."