लाल दोऱ्याची पिन

असल्या गोष्टींवर माझा कधीच विश्वास नव्हता. सूनबाई, पूजा, स्वयंपाक करताना मोबाईलवर लोकांचे भीतीदायक अनुभव लावते. मी म्हणायचे, "अगं, रात्री जास्त जेवला असेल तो." आणि आज मीच लिहायला बसलेय... नातीच्या अर्ध्या राहिलेल्या वहीत. कुणाला दाखवायचं नाही. पण डोक्यात नुसतं फिरत राहतं, पोळी तव्यावर करपते, म्हणून एकदा क्रमाने मांडून ठेवते.

मी हडपसरची. साड्यांना फॉल-पिको करून संसार केला. मिस्टर गेल्यापासून मुलगा, समीर, दरवर्षी तीन महिने मला इकडे नेदरलँडला बोलावतो. बेस्ट नावाचं गाव आहे, स्टेशनपासून दहा मिनिटांवर घर. मला इथली भाषा येत नाही, चारचौघांत तोंड उघडत नाही. पण एक काम माझं — ओवीला शाळेतून आणायचं. ओवी माझी नात, चार वर्षांची. मी मराठीत बोलते, ती डचमध्ये उत्तर देते, आमचं छान चालतं. त्या तीन महिन्यांत दिवसभर मी दोन वाजायची वाट बघते, एवढं सांगितलं तरी पुरे.

यंदा मुलांनी मोरोक्कोची तिकिटं काढली. फेझ नावाचं जुनं शहर. आइंडहोवनहून सरळ विमान जातं. समीर म्हणाला, "आई, तिथल्या गल्ल्यांत गुगलसुद्धा चुकतं. लोकल गाईड घेऊ." गाईड आले ते इद्रीस नावाचे, साठीचे, पायघोळ करड्या झग्यातले, गळ्यात ओळखपत्र. भारी बोलके. मला बघून छातीवर हात ठेवून "नमस्ते मामा, नमस्ते" म्हणाले. पूजा हसली, "आई, तुम्हाला मामा केलं!" तिकडे आईला मामा म्हणतात म्हणे. शहराच्या निळ्या दरवाज्यापाशी हॉटेलवाल्याने आमचा सगळ्यांचा फोटो काढला. सकाळचे दहा वाजले होते. हा फोटो लक्षात ठेवायचा.

गल्ल्या इतक्या अरुंद की समोरून ओझ्याचं खेचर आलं की भिंतीला चिकटावं लागतं. खेचरवाले "बालाक! बालाक!" ओरडतात — बाजूला व्हा. पुढे इद्रीस, मग समीर-पूजा, शेवटी मी. जेवणं झाल्यावर ओवी पेंगायला लागली, तिला मी कडेवर घेतलं.

तिथे एका पीराच्या दर्ग्याचा मोठा दरवाजा लागला. आत दिवे, लोक हात पसरून उभे. आत आपल्याला सोडत नाहीत, पण दारातून तर नमस्कार करता येतो. आता सवय ती सवय... मी बूट काढले. साडीवर स्पोर्ट्स शूज, समीरनेच घेऊन दिलेले, नाडीचे. डोळे मिटून नमस्कार केला, आणि खांद्यावर झोपलेल्या पोरीसकट खाली बसून एका हाताने नाड्या बांधत बसले. उठले तर पुढे कुणी नाही.

हाक मारायला हवी होती. माझ्याने मारवेना. एवढे परके पुरुष, त्यात मी ओरडू? तशीच भराभर चालले आणि चुकीच्या गल्लीत शिरले. मग दुसऱ्या. तिसऱ्या गल्लीत वर लाकडी छप्पर, अंधार, एकही दुकान नाही. फोन माझ्याकडे होता, पण रेंज नव्हती. ओवीचा श्वास माझ्या मानेवर लागत होता आणि मनात एकच — हिला काही झालं तर?

तेवढ्यात समोरून इद्रीस आले. तोच झगा, तेच ओळखपत्र. हाताने "चला" अशी खूण केली. मला रडूच आलं. मी हिंदीत म्हटलं, "भाईसाब, देर हो गया." ते काही बोलले नाहीत. सकाळपासून गप्प न बसलेला माणूस एक शब्द बोलला नाही, हे मला तेव्हा नाही जाणवलं. पुढे वळणावर एकदम खेचर आलं, दोन्ही बाजूंना पत्र्याचे डबे. त्यांनी आम्हा दोघींना भिंतीशी केलं आणि स्वतः आडवे उभे राहिले. डबा घासून गेला. त्यांच्या झग्याची खांद्याची शिवण टर्रकन उसवली.

माझा हात बांगडीकडे गेला. आपल्या बायकांच्या बांगडीत पिन असतेच. माझ्या बांगडीत एकच होती, लाल दोरा गुंडाळलेली. समीर बालवाडीत असताना त्याच्या छातीवर रुमाल लावायची ती. दुसऱ्या पोरांच्या पिनांत मिसळू नये म्हणून मी दोरा गुंडाळला होता. ती द्यायची नव्हती मला... पण आपल्यासाठी माणसाचा कपडा फाटला, कसं बघत राहणार? मी शिवण जुळवून ती पिन लावली. त्यांनी छातीवर हात ठेवला. मग दोन वळणं, आणि समोर उजेड, निळा दरवाजा.

दरवाज्यात समीर उभा, पांढराफटक. पूजाने ओवीला ओढूनच घेतलं. आणि त्यांच्या शेजारी इद्रीस. घामाघूम, घसा बसलेला. मी मागे वळून पाहिलं. मागे-पुढे आमच्याबरोबर कुणी नव्हतं.

"हे कधी पुढे आले?" मी विचारलं.

"कोण?"

"इद्रीस. मला घेऊन आले ना आत्ता."

समीर म्हणाला, "आई, ते पाऊण तास माझ्याबरोबर आहेत. आम्ही दोघं तुझ्या नावाने ओरडत फिरतोय."

मी इद्रीसचा खांदा पाहिला. शिवण धड होती. पिन नव्हती. माझ्या बांगडीतही नव्हती.

बेस्टला परत आल्यावर समीर मला काही बोलला नाही, पण कानावर आलंच. "बाबांच्या आईलाही असंच सुरू झालं होतं," तो पूजाला सांगत होता. सोमवारपासून ओवीला शाळेनंतरच्या पाळणाघरात घातलं. "तुला दगदग नको, आई." आणि इथल्या घरच्या डॉक्टरची, हाउसआर्ट्सची, गुरुवारची वेळ घेतली. विसरण्याची टेस्ट. दोन वाजता मी खिडकीत उभी राहायचे आणि सायकलवरून पोरं आणणाऱ्या आया बघायचे. मलाही वाटायला लागलं, खरंच डोकं गेलं का माझं?

मग पूजाने तो दरवाज्यातला फोटो मोठा छापून आणला आणि फ्रिजला लावायला माझ्याकडे दिला.

इद्रीसच्या खांद्यावर पिन होती. लाल दोऱ्याची. उसवलेल्या शिवणीवर, मी लावते तशी आडवी.

पूजा म्हणाली, "बघा आई, तुम्ही सकाळीच दिली होती. विसरलात." मायेनेच म्हणाली. मी मान हलवली. ती गेल्यावर खुर्चीवर बसले... आणि मग माझा हात दिसला, त्याच फोटोतला. ओवीच्या खांद्यावर ठेवलेला. बांगडीत पिन लोंबत होती. लाल दोऱ्याची.

संध्याकाळी समीर बूट काढायच्या आत मी फोटो त्याच्या पुढे धरला. आधी त्याला काही कळेना. मग त्याने मोबाईलवर मूळ फोटो मोठा करून पाहिला. एकदा खांदा, एकदा बांगडी. पुन्हा खांदा.

"अशा किती होत्या गं तुझ्याकडे?"

"एकच. तुझ्या रुमालाची."

तो तसाच जिन्याच्या पायरीवर बसला. म्हणाला, "म्हणजे तू विसरलेली नाहीस."

"नाही."

"विसरली असतीस तर बरं झालं असतं, आई."

त्याने गुरुवारची वेळ रद्द केली. फोटो फ्रिजला न लावता ड्रॉवरमध्ये पालथा ठेवला. इद्रीसना मेसेजही केला, त्या झग्याला कधी पिन लावली होती का. त्यांचं उत्तर आलं — नाही, झगा उसवलाच नव्हता, आणि मामा कशा आहेत?

ओवीला आणायला मी पुन्हा जाते. मला तेवढंच हवं होतं, मिळालं. पण शाळेच्या फाटकाशी उभी असले की येणाऱ्या-जाणाऱ्यांचे खांदे बघते. आणि ओवीचा हात इतका घट्ट धरते की ती ओरडते, "आऊ, आजी!"

त्या गल्लीत आम्हाला घ्यायला कोण आलं होतं, मला माहीत नाही. समीरलाही नाही. त्याने मला पिनांचं नवं पाकीट आणून दिलंय. अजून फोडलेलं नाही.