बन्सीचा उघडा भाव

ती गव्हाचा दाणा दाढेखाली धरायची आणि कट्टकन फोडायची. मग समोरच्याकडे बोट करून म्हणायची, "ऐकलं का? आता तुमचा फोडा." आडत्या आपल्या वखारीतला दाणा चावायचा, तो दाताखाली नुसता दबायचा. ती नुसती बघत बसायची. ते बघणं फार झोंबायचं.

निजामाच्या अमदानीत मी उमरग्याच्या मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, मापाडी होतो. ही बाई कानडी मुलखाच्या शिवेवरच्या एका खेड्यातली. नवरा गेल्यावर काळ्या रानातला बन्सी गहू ती स्वतः पिकवत होती. बन्सी म्हणजे लांबट, मधाच्या रंगाचा, उन्हात धरला तर आरपार उजेड दिसेल असा. त्याच्या शेवया शिजून ताटात आल्या तरी एकमेकींना चिकटत नाहीत. पण आमच्याकडे तो साध्या गव्हाच्याच भावानं जायचा. आडते म्हणायचे, गहू तो गहू. आणि हैदराबादला पाठवताना मात्र त्याच्या पोत्यांवर वेगळी खूण करायचे. ती खूण मी स्वतःच्या हातानं केलेली आहे, तेव्हा मला कुणी खोटं पाडू नये.

तुमच्यापैकी कुणी तो मोंढा पाहिला असेल, तर रुमाल आठवत असेल. भाव तोंडानं बोलायचा नाही. खरेदीदार आणि आडत्या रुमालाखाली हात धरत, बोटं दाबून आकडा ठरे. मग आडत्या त्याच रुमालाखाली शेतकऱ्याचा हात घेई आणि त्यालाही बोटांनीच सांगे. दोन्ही वेळा आकडा एकच असेल असं नाही. आता बाईमाणसाचा हात कोण धरणार? म्हणून तिच्या वतीनं तिचा दीर हात द्यायचा. दीर गरीब गाय. आडत्या जेवढी बोटं दाबेल तेवढ्याला मान डोलवायचा.

एका साली ती दिराला घरीच ठेवून आली.

"हात कोण देणार?" आडत्यानं विचारलं.

"कुणीच न्हाय. त्वांडानं बोला."

"मोंढ्याचा रिवाज हाय, बाई."

"माझा गहू काय चोरून आणलाय, झाकून बोलायला? बायी इल्लेनु?" संतापली की ती कानडीवर यायची. तोंड नाही का, असं विचारत होती.

लोक हसले. मीही हसलो. वर शहाणपणा करून जवळ गेलो. "मावशी, तुमच्या वतीनं मी देतो हात. उगं कशाला अडून बसता?"

ती माझ्याकडे वळली. "मापाडी, धा वरीस झाले, तुमी गहू मापता. ह्यो साधा हाय का बन्सी?"

आडत्या माझ्याकडे बघत होता. माझी भाकर त्याच्या हातात होती. मी तराजूची साखळी सरळ करू लागलो. ती आधीच सरळ होती.

"बरं," ती म्हणाली. "तुमचंबी त्वांड गेलं म्हणा."

ते वाक्य आठवलं की अजून माझे कान गरम होतात.

तिनं बैल सोडले आणि पोत्यांवर बसली. तीन दिवस. आजूबाजूच्या गाड्या रिकाम्या होऊन गेल्या. दुसऱ्या दिवशी आडत्या थोडा नरमला, चार पैसे वाढवतो म्हणाला, पण रुमालाखालीच. "सारखा रुमाल रुमाल," ती म्हणाली. "सर्दी झालीया का तुमास्नी?"

तिसऱ्या दिवशी रव्याचा धंदा करणारा एक मुसलमान व्यापारी आला, वयस्क माणूस. त्यानं मूठभर गहू घेतला, दाणा फोडला आणि सवयीनं खांद्यावरचा रुमाल ओढला.

"चाचा, रुमाल खांद्यावरच असू द्या."

तो थबकला. आडत्याकडे पाहिलं, पोत्यांकडे पाहिलं. "बोलूं क्या अम्मा, सबके सामने?"

"बोला की."

त्यानं भाव सांगितला. साध्या गव्हाहून पल्ल्यामागं, म्हणजे तीन मणांमागं, चार रुपये जास्त. कालच आपला बन्सी विकून बसलेला एक शेतकरी तिथंच बोटांवर आपलं नुकसान मोजायला लागला.

"पुन्यांदा बोला," ती म्हणाली. "त्या कोपऱ्यातल्या लोकास्नी ऐकू न्हाय गेलं."

त्यानं पुन्हा सांगितला, मोठ्यानं.

माप मी घेतलं. आम्ही मापाडी एक म्हणत नाही, लाभ म्हणतो. त्या दिवशी मी घसा खरवडून म्हणालो, "बन्सी लाभ. बन्सी दोन. बन्सी तीन." तिनं मान वर करून पाहिलंही नाही. उशिरा आलेल्या धैर्याची तेवढीच किंमत. आडत्यानं मला पंधरा दिवस काम दिलं नाही, ते मात्र मी आनंदानं सोसलं.

पुढे चार-पाच सुग्या ती आली, दर वेळी एकटी. मग एका सुगीला गाडीवर दीर दिसला, डोकं भादरलेला. ती गेली, हे मी त्यावरूनच ओळखलं. त्यानं सवयीनं हात पुढे केला, पण खरेदीदारानं तो धरला नाही. सगळ्यांना ऐकू जाईल असा भाव सांगितला. दीर हात तसाच धरून रडायला लागला.

अजूनही मोंढ्यात बाकी मालाला रुमाल आहे, बन्सीला नाही. नवे आडते सांगतात, पूर्वापारचा रिवाज आहे, बन्सीला कापड चालत नाही, देवाचं काहीतरी असावं. मी थकलोय, पण हे ऐकलं की काठी टेकत उठतो. देवाबिवाचं काही नाही, म्हणतो. एक बाई तीन दिवस पोत्यांवर बसली होती, आणि आम्ही सगळे हसलो होतो.