तव्यावर भाजलेली माती

शब्बीर गेल्याचे कार्ड आले तेव्हा मी चहा गाळत होतो, आणि पहिल्यांदा आठवली ती त्याची आरोळी... "अबे, पाह्य! गोल पडला, गोल!" महिना झाला, ती काही कानांतून जात नाही.

साठच्या आसपासची गोष्ट. यवतमाळच्या कॉलेजात आम्ही दोघे प्रयोगशाळा सहायक. मातीतले काही जंतू दुसऱ्या जंतूंना मारणारे औषध बनवतात हे वाचले आणि शब्बीरला मातीचे याडच लागले. प्राध्यापकांनी बजावले, दिवाळीपर्यंत काही सापडले नाही तर हा उद्योग बंद. नेर, दारव्हा, झरी, कुठली माती सोडली नाही पठ्ठ्याने. काचेच्या बशांत नुसती बुरशी! शेवटची उरली त्याच्या गावची, बोरी अरबची. ती त्याची अम्मी काढून ठेवणार होती.

आम्ही आणायला गेलो, तर अम्मीने माती तव्यावर चांगली भाजून ठेवलेली. शब्बीर भडकलाच. "काहून भाजली? सारे जंतू मेले ना!"

"औषधाची माती व्हय ना बाप्पा," अम्मी म्हणाली, "कच्ची कशी देऊ?"

गावात सूज शेकायला माती भाजूनच घेत, तिचे काय चुकले? पण हा जेवणावरून उठला. अम्मीने पुडी माझ्याच हातात कोंबली. मला तिच्याकडे बघवेना.

ती माती बशीत मीच घातली. दोन दिवसांनी ती आरोळी! पू करणाऱ्या जंतूंच्या दाट थरात, एका ठिपक्याभोवती जंतू मेल्याचा लख्ख गोल. भाजल्याने बाकीचे मेले. कवचात दडून तग धरणारा तेवढा वाचला आणि त्याला रान मोकळे मिळाले. शब्बीर बशी रुमालात बांधून थेट एसटीत बसला. पुवाचे जंतू मांडीवर घेऊन, बोला! अम्मीचे पाय धरून म्हणाला, "चुकलो मी. तुयाच तव्यानं पास केलं मले."

पुढे मोठ्या प्रयोगशाळेचे पत्र आले: हे बॅसिट्रॅसिन, आधीच ठाऊक असलेले पॉलिपेप्टाइड प्रतिजैविक. टोचले तर मूत्रपिंडाला घातक, मलमाला आणि संशोधनाला उपयोगी. मी हिरमुसलो. तो मात्र उड्या मारत होता, "अबे, जंतूच्या पेशीची भिंत कशी बनते ते यानंच समजते! कायले तोंड पाडतो?" काम चालू राहिले.

परवा त्याच्या घरी गेलो. खिडकीत तोच तवा. भाभी म्हणाल्या, "अम्मी गेल्यावर यांनी यावर पोळी टाकू दिली नाही. माती आणली की आधी यावरच भाजत." शेजारी एक पुडी, त्याच्या अक्षरात 'बोरी अरब'. उघडून पाहिली... माती कच्चीच होती.

मी भाभींना चूल पेटवायला सांगितले.