डबीत नसलेला वास

बालवाडीच्या बाई एकवीस वर्षं तीन-चार वर्षांच्या पोरांना पाटीआधी पाणी, माती आणि भिंग द्यायच्या. "मी काही शिकवत नाही. त्यांना खेळू देते आणि विचारते, काय दिसलं?" असं पालकांना सांगायच्या. वर्गात नियम एकच: जे दिसेल, ऐकू येईल, ते बिनधास्त सांगायचं.

त्या सकाळी वासाचा खेळ होता. झाकणाला भोकं पाडलेल्या चार डब्या: लिंबू, कॉफी, कांदा, ओली माती. डोळे मिटायचे, हुंगायचं, ओळखायचं. कांद्याला एकाने "आजोबांचा बनियन" म्हटलं आणि सोळाही पोरं हसून लोळली. शेवटी काडी पेटवून विझवायची आणि तिचा वास द्यायचा, म्हणून बाईंनी काडेपेटी हातात घेतली.

"बाई, अजून एक वास येतोय," सगळ्यात बुटकी मुलगी म्हणाली. तिला सगळे टिकली म्हणत.

"कुठल्या डबीतला?"

"डबीतला नाही. घाण आहे. सडक्या अंड्यासारखा."

"डब्या संपल्या, राणी. उगाच काहीतरी सांगायचं नाही हं."

"पण येतोय!"

"हट्ट नको. बस खाली."

"येतोय ना, बाई!" टिकलीने दोन्ही हातांनी नाक दाबलं. मग शेजारच्याने, मग आणखी तिघांनी. बाईंना वाटलं, नकला चालल्यात. त्यांनी स्वतः खोल श्वास घेतला. काहीच नाही. त्यांनी काडी पेटीवर टेकवली.

"बाई, काडी नको! गॅस!"

पाणी भरायला गेलेली मदतनीस मावशी दारातून किंचाळली होती. पडद्यामागे पोरांसाठी ठेवलेलं दूध उतू जाऊन शेगडी विझली होती आणि गॅस तसाच सुटत होता. मावशी कॉक बंद करायला धावली. बाईंनी पोरांना अंगणात काढलं, दोनदा मोजलं. सोळा. मग त्या पायरीवर बसल्या. काडेपेटी मुठीत पार चेपली होती.

"एवढा भपकारा सुटला होता. तुम्हाला कसा नाही आला?" मावशीने विचारलं.

एका मुलाने कांद्याची डबी सोबत आणली होती. ती बाईंनी घेतली, झाकण काढून नाकाला लावली. डोळ्यांतून पाणी आलं. वास आला नाही.

तीन महिन्यांपूर्वी त्यांना जबर सर्दी झाली होती. तेव्हापासून नवरा कुरकुरत होता, "भाजी करपलीये, कळत नाही का तुला?" आणि त्या त्यालाच खुसपट काढणारा ठरवत होत्या. डॉक्टर म्हणाले, वासाची नस दुखावली आहे, वास परत येईल किंवा येणारही नाही. पण खरा हादरा वेगळाच होता. "आयुष्यभर पोरांना 'सांगा, सांगा' म्हणत आले," त्या नवऱ्याला म्हणाल्या, "आणि एक पोर तीनदा सांगत होती, तर मी तिलाच गप्प बसवलं. हातात काडी घेऊन!"

पालकांना त्यांनी स्वतः बोलावून सगळं सांगितलं. दोघांनी मुलं काढून घेतली. बाकीच्यांनी शेगडी वर्गाबाहेरच्या खोलीत हलवून घेतली आणि बाईंना राहू दिलं.

त्यानंतर एका सकाळी बाई टिकलीसमोर उकिडव्या बसल्या. "तू खरं सांगत होतीस. चुकलं माझं. माझं नाक बिघडलंय. मला कसलाच वास येत नाही."

टिकलीचा आ वासला. "कसलाच? बाळाचा पण नाही?"

तिच्या घरी तान्हा भाऊ होता. गेल्याच महिन्यात बाईंनाही नात झाली होती. रोज तिला छातीशी धरत होत्या, आणि तिला वास असतो हेच विसरल्या होत्या.

"कसा असतो गं?" त्यांनी हळूच विचारलं.

टिकलीने डोळे घट्ट मिटून आठवलं. "गरम गरम," ती म्हणाली. "आणि झोपेसारखा."