रोबोटच्या डोळ्यातलं कुंकू

साल दोन हजार तेवीस. मला एकाहत्तर पुरी झाली होती. शाळा तिसरीपर्यंत, त्यातही तिसरी अर्धी. मास्तरांनी छडी उगारली, मी ती त्यांच्या हातातनं काढून मोडली. पुन्हा कुणी बोलवायला आलं नाही आणि मीही गेलो नाही. पुढं चाळीस वर्षं तासगाव भागात ट्रॅक्टर आणि द्राक्षबागेतले फवारणीचे पंप दुरुस्त केले. इंजिनाचा आवाज ऐकून दुखणं सांगायचो. आणि माझं चुकलं असं कुणापुढं म्हणालो नाही. चुकलं नव्हतं असं नाही. म्हणालो नाही.

त्या वर्षी नववीतली माझी नात हायस्कुलाच्या रोबोटवाल्या संघाची कॅप्टन झाली. चार पोरं. शाळेच्या खोलीतली वीज भरवशाची नव्हती, म्हणून महिनाभर आमच्या बेदाण्याच्या रिकाम्या शेडात त्यांचं काम चालायचं. रोबोट म्हणजे चार चाकांचा डबा आणि पुढं एक हात. त्या हातानं लाकडी ठोकळा उचलायचा, वाटेतल्या फळ्यांना न धडकता रिंगणात नेऊन ठेवायचा. आदल्या वर्षी साताऱ्याच्या स्पर्धेत जुना रोबोट जागचा हलला नव्हता. हेडमास्तरांनी बजावलं होतं की यंदा हलला नाही तर संघ बंद, खोलीत खेळाचं सामान ठेवू.

मी रोज खाट टाकून बघत बसायचो. ठोकळा उचलला की रोबोट तोंडावर पडायचा. पोरं तीन दिवस कॉम्प्युटरमध्ये तोंड घालून बसली. शेवटी मी म्हणालो, "मागं वजन बांधा की रं. ट्रॅक्टरला मागं जड नांगर लावला की म्होरं वजन टाकतोच न्हवं? तुमचं उलटं हाय, येवढंच." ट्रॅक्टरचे दोन मोठे नट मीच बांधून दिले. रोबोट सरळ उभा राहिला. चष्मेवाला पोरगा म्हणाला, "आबा, तुमी तर इंजिनियर!" त्या दिवसापासून रोबोट निम्मा माझा, असं मी धरून चाललो.

स्पर्धेच्या आदल्या दिवशी दुपारी पोरं जेवायला घरात गेली. जाताना नात म्हणाली, "आबा, हात लावायचा न्हाई. बोटसुद्धा न्हाई."

"व्हय."

पण नवं वाहन पूजा न करता परगावी कसं धाडायचं? आमच्याकडं सायकल घेतली तरी लिंबू फुटतं. ट्रॅक्टर घेतला तवा मी तो औंधच्या यमाईला दाखवून मग शेतात घातला होता. नारळ फोडला तर आवाज होईल, म्हणून नुसतं कुंकू घेतलं, पाण्यात कालवलं. आता कपाळ कुठलं? रोबोटला पुढं दोन गोल डोळे होते. ते आवाज सोडतात, आवाज आपटून परत आला की पुढं काहीतरी आडवं आहे हे यंत्राला कळतं, असं नातीनं सांगितलं होतं. दोन डोळ्यांच्या मध्ये कपाळ, असा हिशेब करून मी बोट टेकवलं. बोट माझं, पान्हे फिरवून जाड झालेलं. डावा डोळा लालभडक झाला. घाईघाईनं धोतराच्या सोग्यानं पुसला. वरून स्वच्छ झाला. कुंकू जाळीतनं आत गेलं होतं, ते मला कळलं नाही.

पोरं आली, बटण दाबलं. रोबोट वीतभर पुढं गेला आणि देवळाबाहेर चप्पल विसरल्यागत मागं फिरला. पुन्हा दाबलं, पुन्हा मागं. त्याला सगळीकडं भिंतच दिसत होती. पोरांनी वायरी सोडल्या, जोडल्या. ऊन कलायला लागलं. मला कळायचं ते एव्हाना कळलं होतं, पण तोंड उघडेना.

म्हातारी चहा घेऊन आली. "आवं, तुमी का गप? रोज तर न इचारता शंभर गोष्टी सांगता."

"पोरांचं काम हाय."

"आन् बोट कशानं लाल?"

"देवपूजा केली."

"कवापासनं करायला लागला?" असं म्हणून ती कपबशा न घेताच गेली.

तेवढ्यात चष्मेवाला नातीवर उखडला. "सकाळी प्रोग्रॅमला तूच हात लावलास. चाललं हुतं ते चालू द्यायचं की!"

नातीनं मग छातीवरचा कॅप्टनचा बिल्ला काढून पान्ह्यांच्या पेटीवर ठेवला. "माझंच चुकलं. उद्या तू चालव. मी येत न्हाई."

मला एकाहत्तर वर्षांत जमलं नाही ते ही पोरगी एका दमात बोलली, तेही चूक नसताना. मला रागच आला.

"चुकलं म्हणू नगंस!"

"मग कुणाचं चुकलं?"

"डावा डोळा बघ."

"का?"

"बघ म्हणतो न्हवं!"

तिनं मोबाईलचा उजेड पाडला. "आत लाल हाय कायतरी."

"कुंकू आसंल."

"रोबोटच्या डोळ्यात कुंकू कसं जाईल?"

"लावल्यावर जाईल की."

गंजलेला नट जोर लावला तरी फिरत नाही आणि मग एकदम सुटतो, तसं माझं झालं. "मी लावलं. चुकलं माझं."

नवा डोळा तासगावात मिळत नव्हता. मऊ ब्रश पाहिजे होता. मी घरात जाऊन माझ्या कवळीचा ब्रश आणला. नातीनं तासभर फुंकर मारत जाळी साफ केली. बटण दाबलं. रोबोट फळ्या चुकवत गेला आणि ठोकळा रिंगणात ठेवून थांबला.

"आबा, कुंकू झालं," चष्मेवाला म्हणाला, "मंगळसूत्र कवा घालणार?" सगळे हसले. नात हसली नाही. बिल्ला लावला, पण जेवताना माझ्याशी अवाक्षर बोलली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी साताऱ्याला न्यायला जीप आली. मी चार लिंबं घेऊन दहा पावलं लांब उभा राहिलो. नात रोबोट घेऊन जीपपाशी गेली, थांबली आणि माझ्याकडं आली.

"हात दावा." मी दाखवले. दोनदा धुतले होते.

तिनं रोबोटची पाठ माझ्याकडं केली. "लावा. पण कोरडं. आन् मागं."

मी एका नटाला कुंकू लावलं, मग दुसऱ्याला. मग लिंबं जीपच्या चार चाकांखाली ठेवली.

"आवं आबा, गाडी आठ वर्सं जुनी हाय," ड्रायव्हर म्हणाला.

"गप चालव."

चारही लिंबं फुटली ते मी मोजून बघितलं आणि भाकरी खायला आत गेलो.